रोटांच्या गव्हात लपवलेला रिपोर्ट

गव्हाच्या डब्यात हात घातला तर हाताला कागद लागला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून, मनगट बुडेल इतका खोल खुपसलेला. बाहेर काढून उलगडला. दवाखान्याचा कागद होता. मी चौथी शिकलेली, इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. म्हाताऱ्याच्या रक्ताचा असा कागद मी आधी चार वेळा पाहिला होता. त्याच्या मधोमध एक चौकट असते आणि दर वेळी त्या चौकटीत शून्य असायचं. या वेळी शून्य नव्हतं.

म्हातारा म्हणजे माझा नवरा. त्याला घशाचा कॅन्सर झाला होता. उपचार संपून सव्वा वर्ष झालं होतं. तो परत येतोय का, हे त्या चौकटीवरून कळायचं.

सुनेला हाक मारली. ती पीठ चाळायची चाळणी हातात घेऊनच आली. कागद वाचला आणि चाळणी खाली ठेवली.

"मम्मी, हा कुठे होता?"

"गव्हात. काय लिहिलंय ते सांग."

"रक्तात परत सापडलंय म्हणतात. खाली डॉक्टरांनी पेनाने लिहिलंय, चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला या."

"चार आठवडे कधी होतात?"

तिने बोटांवर मोजलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "होऊन गेले. वीस दिवस झाले होऊन."

मला राग आला. एवढा राग मला लग्नात मिळालेली पैठणी सासूने नणंदेला देऊन टाकली तेव्हाही आला नव्हता.

त्या दिवशी आमच्याकडे रोट होते. खानदेशातून सुरतेला आलेल्यांना हे सांगायला नको. लिंबायतमध्ये श्रावणातल्या त्या रविवारी गल्लीगल्लीत ढोल वाजतो. इतरांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही कानबाई बसवतो, सोमवारी सकाळी तिला पाण्यात बोळवतो. तिच्या नैवेद्याला जाडजूड रोट करतात. घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे आणि त्यांच्याच पिठाचे रोट करायचे. भाऊबंदांनी मिळून ते खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही, टाकायचा नाही, संपवायचाच. बायका मोजणीत नसतात. बायका दळतात, थापतात, भाजतात आणि मोजतात. त्या रोटांचे गहू मी वेगळ्या डब्यात ठेवते. वर्षातून एकदाच तो डबा उघडते. म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं, म्हणूनच त्याने ती जागा निवडली होती.

तो गंगाफळ आणायला गेला होता. आमच्याकडे लाल भोपळ्याला गंगाफळ म्हणतात, रोटांबरोबर त्याचीच भाजी लागते. खांद्यावर भोपळा घेऊन घामाघूम होऊन आला. मी दारातच कागद दाखवला.

त्याने भोपळा खाली ठेवला. खिशातली बाटली काढून दोन घोट पाणी प्यायला. कॅन्सरचे शेक, म्हणजे रेडिएशन, घेतल्यापासून त्याच्या तोंडाला लाळ सुटत नाही, बोलायच्या आधी पाणी लागतं.

"सापडलं का," तो म्हणाला.

"रोटांच्या गव्हात लपवता?"

"तू तो डबा आजच उघडतेस. त्याच्या आधी काढून घेणार होतो."

"मग?"

"विसरलो."

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. समोरच्या बिल्डिंगमधली बाई दोरीवर कपडे टाकायचं सोडून बघत उभी राहिली.

"कसाले आरडस व?" म्हातारा म्हणाला. चिडला की तो अहिराणीवर येतो. "देवीचा दिवस आहे."

"आरडू नको तर काय ओवाळू?"

"रोट होऊ दे. मग बघू."

"रोट आज आहेत. वीस दिवसांपूर्वी काय होतं?"

तो उंबऱ्यावर बसला. हळूच म्हणाला, "पट्टी कधी कधी उगाच पडते."

हे पट्टीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

म्हातारा जन्मभर लूम्सच्या खात्यात होता. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. मागावर उभ्या तारा, म्हणजे सुताचे धागे, असतात, शेकड्याने. चांगल्या मशीनवर प्रत्येक तारेवर एक पातळ लोखंडी पट्टी लोंबत असते. तार तुटली की तिची पट्टी खाली पडते आणि मशीन आपोआप थांबतं. मग कारागिराने वाकून ती एक तार शोधायची, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचं. मजुरी मीटरवर. मशीन थांबलं की मीटर थांबले. म्हणून काही कारागीर लबाडी करतात. पडलेली पट्टी दोऱ्याने वर बांधून टाकतात. मशीन चालतं, पण कापडात त्या तारेच्या जागी लांबच लांब रेघ पडत जाते.

ती रेघ पकडायचं काम माझं होतं. त्याच खात्यात मी कापड तपासायला होते. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वरून कापडाचा ताका ओढत न्यायचा, खोट दिसली की खडूने खूण करायची आणि ताक्याच्या कडेला आकडा लिहायचा. आकडे मला तिथेच पक्के झाले. नवऱ्याच्या ताक्यातली रेघ मी किती वेळा पकडली त्याला मोजदाद नाही. दुसऱ्यांच्या बायका नवऱ्याला डबा द्यायला खात्यात यायच्या, मी त्याला ताका दाखवायला जायची. "ही रेघ कुठून आली?" "अगं, पट्टी उगाच पडत होती." "उगाच पडत होती तर ही रेघ कुणी काढली, मी?" मशीनवरचे सगळे हसायचे. शेठ एकदा म्हणाला होता, तुम्हा नवरा-बायकोला एका खात्यात ठेवलं म्हणून माझा माल चांगला जातो.

तर तो तोच माणूस आणि ते तेच उत्तर.

त्याचा आजार निघाला तो दाढी करताना. मानेला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. गालगुंड असेल म्हणून त्याने चुना लावला, मग हळद लावली, मग ती गाठ लिंबाएवढी झाली. सून जबरदस्तीने दवाखान्यात घेऊन गेली. घशात आत, गिलायूच्या, म्हणजे टॉन्सिलच्या जागी मूळ होतं. तिथून ते मानेत उतरलं होतं.

कॅन्सर म्हटल्यावर सगळ्यांनी विचारलं, तंबाखू खायचे का? आता गंमत अशी की त्याच्या खात्यात तंबाखू न खाणारा तो एकटाच. तंबाखूने दात किडतात असं त्याच्या बापाने सांगितलं होतं आणि त्याला दातांचा फार अभिमान. त्याला बाकीचे चिडवायचे, "हा शंभर वर्षं जगेल, आम्हाला खांदा देईल." त्याला कॅन्सर झाला तेव्हा तेच लोक गाल फुगवून, पुडी चघळत भेटायला आले. एक जण म्हणाला, "बघ, नाही खाल्ली तरी होतोच, मग खाऊनच घ्यायची ना." मी त्याला चहा न देता घालवला.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हा तंबाखूचा नाही, विषाणूचा आहे. बाई गुजराती, वयाने माझ्या मुलीसारख्या, पण बोलणं स्वच्छ. विषाणू कसा लागतो ते सांगायच्या आधी त्यांनी सुनेकडे बघितलं. मी म्हटलं, तिला दोन पोरं आहेत, बोला. तर म्हणाल्या, "संबंधातून लागतो, मासी. तोंडावाटेही. तरुणपणी बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी लागतो आणि आपोआप जातो. एखाद्याच्या घशात राहून जातो, तीस-चाळीस वर्षं गप्प बसतो आणि मग असा उठतो. कुणाकडून आला हे शोधायला जाऊ नका, ते कुणालाच सांगता येत नाही. कुणाचाच गुन्हा नाही."

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षांनी मी साक्षीदार तरी कुठून आणू?"

बाई हसल्या. सून खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली. म्हातारा पंख्याकडेच बघत राहिला. मी पुन्हा तो विषय काढला नाही, हे मात्र लिहून ठेवते. मलाही तपासून घ्या म्हणाल्या, बायकांना हाच विषाणू गर्भाशयाच्या तोंडाशी त्रास देतो. मी तपासून घेतलं, काही निघालं नाही. सुनेने नातीला त्याची लस टोचून आणली. लसीचं आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, पण आमच्या लहानपणी देवीची लस टोचायला माणूस आला की आम्ही ज्वारीत लपायचो.

माझी मोठी जाऊ डिंडोलीला राहते. विषाणू म्हटल्यावर ती स्टीलचं नवं ताट घेऊन आली. म्हणाली, "त्याचं ताट वेगळं ठेव व माय, लागेल सगळ्यांना." मी म्हटलं, चाळीस वर्षं मी त्याच्याबरोबर कुठे वेगळी होते? ताट ठेवून घेतलं. चांगलं जाड ताट आहे, त्यात आता मी पापड वाळवते.

मग शेक सुरू झाले. सात आठवडे, रविवार सोडून रोज. चेहऱ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा घालायचे. गरम करून मऊ केलेला, त्याच्याच चेहऱ्याच्या मापाचा. तो टेबलाला खिट्ट्यांनी घट्ट बसवायचे म्हणजे मान हलणार नाही. आत माणसाला ना बोलता येतं ना हलता येतं. त्याच्याबरोबर आठवड्याला एक केमोचं सलाइन. त्याची चव गेली, लाळ गेली, मिशा डाव्या बाजूने गेल्या. सोळा किलो उतरला. मी मुगाचं पाणी, ताक, पेज करून द्यायची आणि तो प्रत्येक घोटाला माझ्याकडे असा बघायचा जसं काही मीच त्याच्या घशात काटे घातलेत. शेक संपल्यावर त्यांनी मुखवटा घरी नेता का विचारलं. मी म्हटलं, आणा. इतकी चांगली जाळी कोण टाकून देईल? स्वयंपाकघरात खिळ्याला उलटा टांगला आहे, त्यात मी लसूण ठेवते. हवा खेळती राहते, लसूण सडत नाही. नातवंडं आधी घाबरायची, आता "आजोबांच्या डोक्यातून लसूण आण" म्हटलं की पळत जाऊन आणतात.

शेक संपल्यावर बाईंनी रक्ताची गोष्ट सांगितली. हे विषाणूवाले कॅन्सर मरताना आणि वाढतानाही त्या विषाणूचे बारीक तुकडे रक्तात सोडतात. उपचाराने कॅन्सर गेला की तुकडे जातात, चौकटीत शून्य येतं. पुढे कधी तो परत उठायला लागला तर फोटोत गाठ दिसायच्याही आधी ते तुकडे रक्तात दिसू शकतात. त्यांच्या दवाखान्यात याचा अभ्यास चालला होता, तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, पैसे लागणार नाहीत. असंही स्पष्ट सांगितलं की ही देवाची वाणी नाही. कधी चुकून दिसतं, कधी असून दिसत नाही. म्हणून एकदा दिसलं की परत रक्त घ्यायचं, परत दिसलं तर शोधायचं.

म्हाताऱ्याने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "म्हणजे पट्टी."

"कसली पट्टी, काका?"

मग त्याने बाईंना मशीनची सगळी हकीकत सांगितली. तार तुटते, पट्टी पडते, मशीन थांबतं, कापडात खोट दिसायच्या आधीच. टेबलावरची काडेपेटीएवढी वही उभी करून, रबरबँड ताणून दाखवलं. बाहेर चाळीस माणसं नंबर लावून बसलेली. बाईंनी सगळं ऐकलं आणि शेजारच्या खोलीतल्या दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून म्हणाल्या, काकांकडून ऐका. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या दिवशी रिक्षात तो असा बसला होता जसं काही त्यालाच डॉक्टर करून टाकलं.

चार वेळा शून्य आलं. पाचव्या वेळी तो एकटाच गेला होता, माझे गुडघे धरले होते म्हणून. कागद हातात पडला आणि या माणसाने, ज्याने शिकाऊ डॉक्टरांना पट्टी शिकवली, त्यानेच ती दोऱ्याने वर बांधली.

उंबऱ्यावर बसून त्याने आणखी एवढंच सांगितलं. दवाखान्यातून दोनदा फोन आला होता. त्याने सांगितलं, मी गावी आहे, पेरणीची कामं चालली आहेत. आमची शेती विकून पंचवीस वर्षं झाली.

रविवार होता, तपासणी बंद. काही करता येण्यासारखं नव्हतं. गहू तसेच पडलेले आणि जाऊबाई, तिचे मुलगे, सगळे दुपारी यायचे होते. सून म्हणाली, "मम्मी, आता रोट कसे करायचे?" मी म्हटलं, पिठाचे. मोजायला बसले. मोठ्या दिरांची मूठ, पुतण्यांच्या, माझ्या मुलाची, नातवाची. म्हाताऱ्याची मूठ घेताना हात थांबला का असं सून मला नंतर विचारत होती. थांबला नाही. उलट जरा भरघोसच घेतली, रागात मूठ मोठी होते. घरघंटीत दळून काढलं.

दुपारी सगळे जेवायला बसले. रोट हा कोरडा प्रकार, लाळ नसलेल्या माणसाला तो गिळणं म्हणजे वाळू गिळण्यासारखं. आणि त्याच्या नावाचा रोट त्याने खायलाच हवा.

जाऊबाई म्हणाली, "त्याला नाही जायचा. राहू दे, माझ्या पोरांमध्ये वाटून टाक."

"त्याचा आहे, तो खाईल," मी म्हटलं.

रोट मिक्सरमध्ये फिरवला, खिरीत कालवला, वर दूध ओतलं आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली. भिंतीला लावायच्या चुन्यासारखं दिसत होतं. त्याने एक चमचा घेतला.

"कसं आहे?" जाऊबाईने विचारलं.

"चव मला कळत नाही," तो म्हणाला, "म्हणून छान आहे."

सगळे हसले. मी नाही हसले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "याच्या रक्तात परत सापडलंय. दीड महिना कागद गव्हात पुरून बसला होता. उद्या कानबाई बोळवली की तिथूनच मी याला दवाखान्यात नेणार आहे, कुणाला घरी चहाला यायचं असेल तर येऊ नका."

जेवण थांबलं. जाऊबाईचा हात तोंडाशी गेला. मोठे दीर फार बोलत नाहीत. ते म्हाताऱ्याला एवढंच म्हणाले, "गव्हात कागद ठेवतात का रे? पोरकिडे लागले असते."

सोमवारी सकाळी ढोल वाजवत कानबाईला नेलं, पाण्यात बोळवली. त्याच पावली आम्ही रिक्षा केली. म्हाताऱ्याच्या कपाळावर, कानात, मानेवर गुलाल. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मांडीवर डबा, कारण उरलेले रोट संपवायचे होते आणि परत यायला उशीर झाला तर उपाशी राहायचं नव्हतं. सून रिक्षावाल्याशेजारी बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

पाण्याचा घोट घेऊन तो म्हणाला, "परत मुखवटा घालतील."

मी त्याच्याकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता.

"मरायचं मला एवढं नाही वाटत," तो म्हणाला. "पण त्यात श्वास कोंडतो. खिट्ट्या लावल्या की वाटतं, हे लोक विसरून घरी निघून जातील. मी रोज आकडे मोजायचो. मला ते परत नको."

सात आठवडे मी बाहेर बाकावर बसले होते. त्याने हे कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मला गोड बोलता येत नाही.

"घालतील तर घालतील," मी म्हटलं. "दुसरी टोपली होईल. कांद्यांना नाहीच आहे."

मग त्याला हसू फुटलं, हसताना ठसका लागला, बाटली शोधेपर्यंत रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली.

डॉक्टरीणबाईंनी गुलालाकडे बघितलं. "काका, गावाहून कधी आलात?"

"आत्ताच," मी म्हटलं. "शेती बुडवून आलेत. बाई, यांनी पट्टी बांधून ठेवली होती."

बाईंना लगेच समजलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, हे मला आवडलं नाही, रागवायला हवं होतं. म्हणाल्या, "काका, तुम्हीच मला शिकवलंत. पट्टी उगाच पडली असेल तर दुसऱ्या वेळी कळेल. उगाच नसेल तर आत्ता एकच तार तुटलीय. उशीर केलात तर किती तुटतील?"

म्हाताऱ्याने बाही वर केली.

रक्त घेऊन झाल्यावर त्यांनी डब्यात काय आहे विचारलं. मी सांगितलं, रोट. "वास छान येतोय, मासी."

"येणारच. पण देता येत नाही. घरच्यांनीच खायचे असतात."

सून लाजेने लाल झाली. बाई मात्र "बरोबर आहे, मासी," म्हणून पुढचा पेशंट बोलवायला लागल्या. आम्ही बाहेर बाकावर बसून तिघांनी डबा संपवला, म्हाताऱ्याने पाण्यात भिजवून. शेजारचा माणूस वाकून वाकून बघत होता, त्याला मी पिशवीतला चिवडा दिला.

रक्ताचा निकाल यायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे आम्ही भांडलो, म्हणजे बरे गेले. चौकटीत परत आकडा आला, आधीपेक्षा मोठा. लगेच सगळ्या शरीराचा फोटो काढला. मानेत, जुन्या जागेच्या खाली, तुरीच्या डाळीएवढा एक दाणा चमकत होता. बाकी कुठे काही नाही. हाताला तो लागत नव्हता. बाईंनी दाबून बघितलं, त्यांनाही लागला नाही. रक्त बोललं नसतं तर पुढच्या नेहमीच्या फोटोपर्यंत कुणाला कळलं नसतं.

म्हाताऱ्याने पहिलं विचारलं, "मुखवटा?"

"नाही," बाई म्हणाल्या. "त्या जागी पुन्हा शेक देणं सोपं नसतं. आधी ऑपरेशन. मान उघडून काढून टाकू."

मान कापणार म्हटल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता. बाहेर आल्यावर त्याने स्वतःच्या पैशाने मला उसाचा रस पाजला.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. मी बाकावर बसून शेंगा सोलल्या. दाणे सुनेने आणि मुलाने खाल्ले, मला भूक नव्हती. एवढंच माझ्याबद्दल. कापून काढलेलं सगळं तपासलं, त्या एका दाण्यातच कॅन्सर होता. कानामागून गळ्यापर्यंत टाक्यांची रेघ आली आहे. उभी, सरळ, अगदी पट्टी बांधलेल्या ताक्यात येते तशी. मी त्याला ती दाखवली. म्हटलं, बघा, ही कुठून आली? तो म्हणाला, पट्टी उगाच पडत होती.

डावा खांदा थोडा उतरला आहे, हात डोक्याच्या वर पूर्ण जात नाही. भोपळा उजव्या खांद्यावर आणतो. रक्ताचे कागद आता सुनेच्या फोनवर येतात, ती मला चौकट मोठी करून दाखवते. ऑपरेशननंतर शून्य आलं, मग परत शून्य, आणि असंच चाललं आहे. बाई म्हणतात, अजून काही वर्षं बघत राहायचं. बघू. खात्यातून कुणी भेटायला आलं की म्हातारा पट्टीची गोष्ट सांगतो, पण बांधून ठेवल्याचं सांगत नाही. ते मी सांगते.

गव्हाच्या डब्याला मी कुलूप लावलेलं नाही. त्यानंतर दोनदा रोट झाले. दोन्ही वेळा त्याच्या नावाची सव्वा मूठ मोजली, मिक्सरमध्ये फिरवून खिरीत कालवली आणि त्याने ती वाटी संपवली. चव अजून आलेली नाही. म्हातारा जगला.